पगार तासावर मोजा: सोलापुरात पहिल्यांदा कामाला लागणाऱ्यांसाठी

सोलापुरात नोकरीची बोलणी बऱ्याचदा एका वाक्यात उरकतात. "13,000 देऊ, उद्यापासून या." अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो, गणवेश शिवणारं युनिट असो, नाहीतर दुकानातलं बिलिंग. सुटायची वेळ कोणती, हातात किती पडणार, खाडा झाला तर किती कापणार, हे कुणी बोलत नाही. सहा महिन्यांनी जी चिडचिड सुरू होते, तिचं मूळ या न बोललेल्या गोष्टींत असतं. त्यामुळे कामाला लागायच्या आधीच महिन्याचा आकडा तासावर आणून बघा.

13,000 भागिले 26 दिवस म्हणजे रोजचे 500. 8 तासांनी भागलं की तासाला 62 रुपये 50 पैसे. आता रोज दीड तास जास्त थांबावं लागतंय आणि त्याचे पैसे मिळत नाहीत असं धरा. महिन्याचे 39 तास फुकट गेले, दर साडेबावन्नच्या आसपास उतरला. आठवड्याला 48 तासांच्या वर काम झालं तर कायद्याने दुप्पट दर लागतो. त्या हिशेबाने या 39 तासांचे 4,875 रुपये होतात. पगार कमी आहे हे सगळ्यांनाच दिसतं, पण ही गळती कुणी मोजत नाही.

हातात येणारी रक्कम वेगळीच असते. सगळा पगार मूळ वेतन धरला तर पीएफचे 12 टक्के म्हणजे 1,560, ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) 0.75 टक्के म्हणजे 98, आणि पुरुषांना व्यवसाय कर 200 (फेब्रुवारीत 300, महिलांना 25,000 पर्यंत माफ). उरतात 11,142. मालकानेही पीएफमध्ये आपले 12 टक्के आणि ईएसआयमध्ये 3.25 टक्के स्वतःच्या खिशातून भरायचे असतात. काही ठिकाणी हा मालकाचा वाटाही सांगितलेल्या पगारातूनच वळता करतात. म्हणून "13,000" ऐकलं की लगेच विचारा, "साहेब, सगळं कापून हातात किती?" उत्तर गुळमुळीत आलं तर सावध व्हा.

कापलेला पैसा भरला जातोय का, हे दर महिन्याला बघा. पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो, म्हणून 20 तारखेनंतर उमंग ॲपवर पासबुक उघडा, किंवा यूएएनला (तुमच्या कायमच्या पीएफ नंबरला) जोडलेल्या मोबाइलवरून 9966044425 वर मिस्ड कॉल द्या. स्लिपवर कपात आहे आणि पासबुक कोरं आहे, असं सलग दोन महिने दिसलं तर तिसऱ्या महिन्याची वाट बघू नका, लेखी विचारा.

लूमवर (यंत्रमागावर) किंवा शिलाईवर नगावर मजुरी असेल तर दराइतकंच बंद वेळेकडे लक्ष द्या. वीज गेली, सूत सारखं तुटतंय, बीम (ताण्याच्या सुताचा रोळ) संपला आणि नवा जोडायचाय, जॉबर (लूम दुरुस्त करणारा) दुसऱ्या लूमवर अडकलाय. या सगळ्या वेळात कामगार शेडमध्ये उभा असतो आणि त्याची कमाई शून्य असते. दर दोन रुपयांनी वाढवून घेतला आणि रोज दोन तास लूम उभा राहिला, तर वाढ तिथेच जिरते. खिशात एक छोटी वही ठेवा आणि तेव्हाच्या तेव्हा एवढंच लिहा: "लूम 3, 2.10 बंद, सूत खराब, 3.25 चालू." महिनाभराच्या नोंदी दाखवून दर मागितला तर बोलणं हुज्जतीवर जात नाही. ऑफिसात किंवा दुकानात असाल तर त्याच वहीत आल्या-गेल्याची वेळ लिहा. हजेरीपुस्तक मालकाकडे असतं, ही वही तुमच्याकडे राहते.

उचल घेताना फार जपून. सणाला 10,000 सहज मिळतात, आणि मग तीच रक्कम नोकरी सोडू देत नाही. घेतलीच तर तारीख, रक्कम आणि दर आठवड्याची कपात कागदावर घ्या, खाली सही घ्या. एका पगारातली एकूण कपात निम्म्याच्या वर जाता कामा नये. मूळ मार्कशीट आणि दाखले फक्त दाखवायचे. ठेवून घ्यायला झेरॉक्स द्या.

पुण्याची ओढ सगळ्यांनाच असते. तिथे 20,000 सांगितले आणि कपात जाऊन 17,850 आले समजा. खोली, मेस, जाणं-येणं यांचे 9,500 धरले तर 8,350 उरतात. इथे घरी राहून पेट्रोलचे 1,500 गेले तरी 9,642 उरतात. शिवाय तिथले रोजचे प्रवासाचे दोन तास वेगळेच. तरीही हातात नवं कौशल्य येणार असेल तर जरूर जा. नुसत्या आकड्यासाठी हुतात्मा एक्सप्रेस पकडू नका.

आता थकव्याबद्दल, कारण याला आपल्याकडे सरळ आळस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या साचलेल्या ताणातून येणाऱ्या थकव्याची, तीन लक्षणं नोंदली: सतत गळून जाणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि काम नीट होत नसल्याची भावना. सुट्टीचा दिवस झोपून काढला तरी सोमवारी पाय उचलत नाहीत, तिथे इच्छाशक्ती कमी पडलेली नसते. सोलापूरचा एप्रिल-मे, पत्र्याखालची शेड आणि आठवड्याला बदलणारी पाळी एकत्र आली की धडधाकट माणूसही ढेपाळतो. पाळी बदलल्यावर पहिले दोन दिवस जादा काम नाकारा. रात्री 10 ला ग्रुपवर आलेल्या मेसेजबद्दल ग्रुपवर वाद घालू नका, सुपरवायझरला समोर भेटून सांगा, "तातडीचं असेल तर फोन करा, बाकीचं सकाळी आल्यावर बघतो." मनावर फारच ताण असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे.

अशा थकव्यात लोक थेट राजीनामा देतात, हे बघून वाईट वाटतं. पगार 21,000 पर्यंत असेल आणि ईएसआय कापला जात असेल, तर डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर आजारपणाच्या रजेत साधारण 70 टक्के वेतन मिळतं, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. त्यासाठी आधीच्या सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते, म्हणून लागल्या लागल्या हा लाभ मिळत नाही. सोलापुरात कामगार विमा रुग्णालय आहे. ईएसआयचं कार्ड आधीच काढून ठेवा, तब्येत बिघडल्यावर पळापळ नको.

नोकरी सोडायचीच असेल तर लेखी सोडा, तारीख घालून. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. त्यांच्यानुसार राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत वेतनाचा हिशेब चुकता व्हायला हवा. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर पुढे न्या, कारण पेन्शनला 10 वर्षं लागतात. पैसे अडकले तर सहायक कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज द्या. थकलेल्या वेतनाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. अर्जाला पगाराच्या स्लिपा, बँकेचं पासबुक आणि वहीच्या पानांची झेरॉक्स जोडा, आणि आपल्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.