एंट्री-लेव्हल की वरचा डीएसएलआर? बॉडी बदलण्याआधी या चुका टाळा

हळदीचे फोटो हलले, दाणेदार आले, की सगळा राग एंट्री-लेव्हल (सुरुवातीच्या, स्वस्त) बॉडीवर, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यावर निघतो. बहुतेक वेळा अडचण किट लेन्सची, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या लेन्सची असते. १८-५५ मिमी लेन्स झूम करून ५५ वर नेली की अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं छिद्र; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. ५० मिमी एफ/१.८ लेन्स तिथे जवळजवळ दहापट उजेड घेते, म्हणजे आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता; वाढवली की फोटो दाणेदार होतो) ६४०० चं काम ६४० च्या आसपास भागतं. नुसती बॉडी बदलून एवढा फरक पडत नाही.

मात्र निकॉनवाल्यांनी लेन्सचं नाव नीट वाचावं. डी३५०० आणि डी५६०० या एंट्री-लेव्हल बॉडींमध्ये फोकस मोटर नाही. स्वतःची मोटर नसलेली एएफ-डी लेन्स लावली की ऑटोफोकस होत नाही आणि चांगली लेन्स खराब समजून परत केली जाते. या बॉडींना मोटर असलेली एएफ-एस घ्या. वरच्या वर्गातल्या डी७५०० मध्ये मोटर आहे, तिच्यावर एएफ-डी व्यवस्थित चालते. कॅनन २००डी मार्क २ च्या हॉट शूला (वर फ्लॅश लावायच्या खाचेला) मधली पिनच नाही, त्यामुळे तेवढ्याच पिनवर चालणारे साधे ट्रिगर (दूरचा फ्लॅश पाडणारी उपकरणं) पेटत नाहीत. ट्रिगर दुकानात लावून, फ्लॅश पाडून मगच पैसे द्या.

फोटो कायम थोडे सॉफ्ट (धूसर) येतात? कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून, एक लाइव्ह व्ह्यूवर (मागच्या स्क्रीनवर बघून). दोन्हींत अक्षरं कोरीव आली तर कॅमेरा ठीक आहे. शटर स्पीड वाढवा, फोकस पॉइंट (फोकस जिथे धरायचा ती जागा) स्वतः निवडा. फक्त लाइव्ह व्ह्यूचा फोटो स्वच्छ असेल तर व्ह्यूफाइंडरचा फोकस पुढे-मागे पडतोय. डी७५०० मध्ये हे मेनूतल्या एएफ फाइन-ट्यूनने घरीच जुळवता येतं. डी३५०० किंवा कॅनन १५००डी मध्ये ती सोयच नाही. बॉडी आणि लेन्स दोन्ही सर्व्हिस सेंटरला न्यावी लागतात. वरच्या बॉडीचा हा फायदा जाहिरातीत दिसत नाही, पण मला तो मेगापिक्सेलपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे भिगवणच्या पक्ष्यांसाठी फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरची बॉडी) घेणं आणि लेन्स जुनीच ठेवणं. डी३५०० चा सेन्सर लहान, म्हणून त्यावर ३०० मिमी लेन्स ४५० सारखी दिसते; फुल-फ्रेमवर ती ३०० च राहते. फुल-फ्रेम डी७५० वर डीएक्स (लहान सेन्सरसाठीची) लेन्स लावली तर चित्र कापलं जाऊन २४ ऐवजी सुमारे १० मेगापिक्सेल उरतात. कॅननच्या लहान सेन्सरसाठीच्या ईएफ-एस लेन्सा तर फुल-फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत.

कबड्डीचे सामने टिपत असाल तर मात्र बॉडी खुशाल बदला. १५००डी मध्ये ९ फोकस पॉइंट आणि सेकंदाला ३ फ्रेम, डी७५०० मध्ये ५१ आणि ८. चढाईपटूचा हात लागतो तो क्षण ३ फ्रेममध्ये सहज निसटतो. सेकंडहँड घेणार असाल तर आधी शटर काउंट (आजवर किती क्लिक झाले ते) बघा. डी७५० चं शटर १,५०,००० क्लिकपर्यंत तपासलेलं आहे.