कात्री ओळखायला शिकताना

विरूपित, म्हणजे गोल नसलेल्या, अणुकेंद्रकांमधल्या चुंबकीय द्विध्रुव उत्तेजनांवर (केंद्रकाला वरच्या ऊर्जेवर नेणाऱ्या चुंबकीय हालचालींवर) काम सुरू केलं की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी कात्रीचं चित्र काढून दाखवतं. रग्बीच्या चेंडूसारखं लांबट केंद्रक, त्यातले सगळे प्रोटॉन म्हणजे एक पातं, न्यूट्रॉन म्हणजे दुसरं, आणि ही दोन पाती एकमेकांविरुद्ध थोडीशी हेलकावतात. मला ते चित्र इतकं आवडलं की स्पेक्ट्रममध्ये ३ एमईव्हीच्या (एमईव्ही म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) आसपास दिसेल ते प्रत्येक शिखर कात्रीचंच वाटायला लागलं. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. शिखराचं मात्र दोन्ही विचारावं.

लो युडिचे आणि पालुंबो या भौतिकशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये दोन घूर्णकांच्या, म्हणजे फिरणाऱ्या दोन पिंडांच्या, मॉडेलवरून या हालचालीचं भाकीत केलं. जर्मनीत डार्मस्टाटला आखिम रिख्टर यांच्या गटाला ती इलेक्ट्रॉन विकिरणातून गॅडोलिनियम-१५६ मध्ये ३.०७५ एमईव्हीला सापडली. निबंध १९८४ चा. पण ताकद, म्हणजे हे उत्तेजन किती जोराने घडतं त्याचं माप, भाकितापेक्षा बरीच कमी निघाली. माझ्या मते नवख्याने सर्वात जास्त वेळ इथेच थांबावं. सगळं केंद्रक कात्रीसारखं फिरत नाही, फर्मी पातळीजवळचे (भरलेल्या कक्षांच्या वरच्या टोकाजवळचे) मोजके कणच फिरतात, आणि जोड्या बांधणारं बल त्यांनाही आवर घालतं. म्हणून आधी निल्सनची आकृती (विरूपणानुसार कणांच्या ऊर्जापातळ्या कशा सरकतात ते दाखवणारी) हाताने काढायला शिका. कोणता कण कोणत्या कक्षेतून कुठे जातो हे बोट ठेवून सांगता आलं, की कात्रीचं चित्र आपोआप आपल्या जागी बसतं.

आता एक शिखर जवळून पाहू. गॅमा विकिरणाच्या स्पेक्ट्रममध्ये ३.०७५ एमईव्हीच्या शिखराच्या डावीकडे बरोबर ८९ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) अंतरावर आणखी एक लहान शिखर दिसतं. गॅडोलिनियम-१५६ ची पहिली २+ अवस्था (आकडा कोनीय संवेगाचा, चिन्ह पॅरिटीचं, म्हणजे अवकाश उलटवल्यावर अवस्थेचं चिन्ह बदलतं की नाही त्याचं) ८९ केईव्हीवर आहे. म्हणजे एकच उत्तेजित अवस्था कधी थेट तळाला (सर्वात कमी ऊर्जेच्या अवस्थेत) उतरते, कधी त्या पायरीवर. K म्हणजे केंद्रकाच्या लांब अक्षावरचा कोनीय संवेगाचा घटक. आलागाच्या नियमाप्रमाणे K = १ असेल तर पायरीवर उतरण्याची संक्रमण-ताकद तळाच्या ताकदीच्या निम्मी, आणि K = ० असेल तर दुप्पट. तीव्रतेत ऊर्जेचा घनही येतो: (२.९८६/३.०७५)³ म्हणजे सुमारे ०.९२. म्हणून K = १ ला तीव्रतेचं गुणोत्तर साधारण ०.४६ आणि K = ० ला १.८३ यायला हवं, अर्थात डिटेक्टरची कार्यक्षमता आणि कोनानुसार वाटणी दुरुस्त केल्यावर. हे गणित पहिल्यांदा कागदावर केलं तेव्हा दोन शिखरांच्या उंचीतून केंद्रकाच्या आतली दिशा कळते, याचं मला फार अप्रूप वाटलं. अजूनही वाटतं.

सैद्धांतिक बाजूला माझी एक मोठी चूक झाली, ती सांगतोच. क्वासीकण आरपीएचं (कणांच्या जोड्या धरून सामूहिक कंपनं काढायच्या पद्धतीचं) पहिलं गणित केलं तेव्हा एक एमईव्हीच्याही खाली प्रचंड ताकदीची १+ अवस्था मिळाली. दोन आठवडे मी तिच्यावर टिपणं लिहिली. ती अवस्था खोटी होती. विरूपित सरासरी क्षेत्र घेतलं की घूर्णन-सममिती मोडते, आणि अख्ख्या केंद्रकाचं फिरणंच उत्तेजन म्हणून यादीत शिरतं. परस्परक्रिया क्षेत्राशी सुसंगत असेल तर ही अवस्था नेमकी शून्य ऊर्जेला जाऊन वेगळी पडते. माझी सुसंगत नव्हती. तेव्हापासून प्रत्येक अवस्थेसाठी एकूण कोनीय संवेगाचा मॅट्रिक्स घटक काढून पाहतो. खऱ्या अवस्थेला तो शून्य असायलाच हवा.

दुसरी सवय: तेच गणित स्पिनचे जी-गुणक (कणाच्या हालचालीतून किती चुंबकत्व येतं ते सांगणारे आकडे) शून्य ठेवून पुन्हा चालवा. कक्षीय जी-गुणक प्रोटॉनला १, न्यूट्रॉनला ०. स्पिनचे मात्र ५.५९ आणि −३.८३. आकडे बघता स्पिनने सगळं व्यापायला हवं. पण स्पिन-स्पिन बल ती ताकद वर, दुर्मीळ मृदा केंद्रकांत साधारण ५ ते १० एमईव्हीच्या पट्ट्यात, ढकलतं. खाली ३ एमईव्हीला मुख्यतः कक्षीय हालचाल उरते. स्पिन बंद केल्यावरही शिखर टिकलं, तर ती कात्री असण्याची शक्यता बळावते. समॅरियमच्या १४८ ते १५४ या समस्थानिकांत विरूपण वाढतं तशी ही ताकद विरूपणाच्या वर्गाप्रमाणे वाढते, हे १९९० मध्ये दिसलं. आपलं गणित या मालिकेवर चालवून बघण्यासारखी दुसरी परीक्षा नाही.

एक गोष्ट मात्र गुणोत्तरातून कळत नाही: पॅरिटी. K = १ ची अवस्था १− सुद्धा असू शकते. त्यासाठी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या एचआयजीएस या गॅमा-किरण सुविधेसारखा रेषीय ध्रुवित गॅमा झोत लागतो. दोन डिटेक्टर झोताशी काटकोनात ठेवतात, एक ध्रुवणाच्या प्रतलात, दुसरा त्याला लंब. द्विध्रुव ज्या दिशेत कंप पावतो त्या दिशेने उत्सर्जन करत नाही. विद्युत द्विध्रुव विद्युत क्षेत्राच्या दिशेत हलतो, चुंबकीय द्विध्रुव त्याला लंब. त्यामुळे तळाला परतणारं १+ चं शिखर पहिल्या डिटेक्टरमध्ये ठसठशीत दिसतं आणि दुसऱ्यात त्याच ऊर्जेला जवळजवळ सपाट पार्श्वभूमी. १− असेल तर नेमकं उलट.