काळा दगड म्हणजे उल्का नव्हे : या चुका टाळा

उन्हाळ्यात नांगरट सुरू झाली की माझ्याकडे दगड यायला लागतात. "सर, उल्का हाय का बघा." आणणाऱ्याने बहुधा अंटार्क्टिकाचा व्हिडिओ पाहिलेला असतो: निळसर बर्फ, त्यावर एकच काळा दगड, उचलला की झाली अशनी, म्हणजे जमिनीवर पोचलेली उल्का.

पहिली चूक इथंच. तिथं निम्मी ओळख जागाच पटवते. सरकणारा बर्फ डोंगराला अडतो, वारा वरचा थर खात जातो आणि हजारो वर्षं गाडलेल्या अशनी उघड्या पडतात. १९६९ साली यामातो डोंगरांजवळ जपानी तुकडीला अशा ९ सापडल्या. पण बर्फानं डोंगरातून ओढून आणलेल्या दगडांच्या ढिगात तिथले मुरलेले शोधकही घाम गाळतात. आपला मराठवाडा म्हणजे असा ढीगच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा खडक, म्हणजे बेसाल्ट, बांधापासून विहिरीच्या डबरापर्यंत.

त्यामुळे चुंबक ओढलं की अशनी, या समजावर भिस्त ठेवू नका. आपल्या बेसाल्टमध्येही मॅग्नेटाइट हे चुंबकाला ओढणारं लोहखनिज असतं, दोऱ्याला टांगलेलं चुंबक त्याच्याकडेही झुकतं. उलट खऱ्या अशनीला जोरदार चुंबक लावलंत तर तिच्यातली जुनी चुंबकीय नोंद पुसली जाते. त्यापेक्षा चिनी मातीच्या फरशीच्या खरबरीत मागच्या बाजूवर दगड घासा. ठळक लाल किंवा काळी रेघ उठली तर तो बहुधा हेमॅटाइट (हेही लोहखनिजच) किंवा मॅग्नेटाइट.

छिद्रं पाहून "आकाशात जळालाय" म्हणणारे तर रोज भेटतात. छिद्रं लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची. अशनीत ती जवळजवळ नसतातच. तिच्यावर असते मिलिमीटरभर जाडीची काळी साल, कधी ओल्या मातीत अंगठा दाबल्यासारखे खळगे. पोकळीत पांढरे स्फटिक चमकले की समजा झिओलाइट नाहीतर गारगोटी. मीही एकदा फसलोय: एका मामांनी आणलेलं जड ढेकूळ दोन दिवस कपाटात जपलं, निघाला लोहाराच्या भट्टीतला कीट.

"लोणार जवळ आहे, तुकडे इकडंही उडाले असतील" हेही सोडा. विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे, पण आदळलेल्या अशनीचा तुकडा खुद्द तिथंही हाती लागलेला नाही.

एवढं करूनही शंका उरली, तर हातोडा मारू नका, धुऊ नका. अंटार्क्टिकात अशनीला उघडा हातसुद्धा लावत नाहीत. अमेरिकी शोधक ती स्वच्छ पिशवीत घालून गोठलेल्या अवस्थेतच ह्यूस्टनला, नासाच्या केंद्रात, पाठवतात. तुम्ही शेजारी रुपयाचं नाणं ठेवून जागेवरच फोटो काढा, दगड कोरड्या पिशवीत ठेवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. आणि कृपा करून शेंदूर फासू नका. मागच्या खेपेला तो खरवडण्यातच माझा रविवार गेला.