डिझेल म्हणजेच गाडीचा खर्च नव्हे: धंद्याच्या गाड्या चालवताना या चुका टाळा

चार-पाच पिकअप नाहीतर छोटा हत्ती घेऊन धंदा करणारे आपल्याकडे भरपूर आहेत, कुणी नारायणगाव-मंचरहून पुण्याच्या मार्केट यार्डात भाजी आणतंय, कुणी चाकण-भोसरीला कंपन्यांचे पार्ट पोचवतंय. यातल्या बहुतेकांना विचारा, गाडीला किलोमीटरमागे काय खर्च येतो? उत्तर मिळतं ते फक्त डिझेलचं. बाकी खर्च दिसतच नाही आणि मग रात्रंदिवस गाड्या पळूनही वर्षाअखेर हातात काही उरत नाही.

एक हिशोब मांडून बघू, आकडे धरून चाललेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. पिकअप १० लाखाची, ७ वर्षांनी ३ लाखाला विकली तर ७ लाख झिजले, म्हणजे महिन्याला साधारण ८,३०० रुपये घसारा. ड्रायव्हरचा पगार १८,०००, इन्शुरन्स-टॅक्स-पासिंग मिळून ५,०००, कर्जावरचं व्याज ५,०००. गाडी दारात उभी राहिली तरी हे ३६,३०० जाणारच. आता महिन्याला २,५०० किमी चालली तर हा उभा खर्च किलोमीटरला साडेचौदा रुपये पडतो, डिझेल ९० रुपये आणि अ‍ॅव्हरेज १२ धरलं तर साडेसात, टायर-सर्व्हिसिंग-रिपेअरिंगचे २, सगळे मिळून २४. तीच गाडी १,५०० किमीच चालली तर खर्च जातो ३३ च्या वर! म्हणजे डिझेल वाचवण्यापेक्षा गाडीला काम मिळवणं जास्त महत्त्वाचं आहे, हे आधी डोक्यात बसलं पाहिजे. टोल यात धरलेला नाही, तो प्रत्येक रूटला वेगळा लावा.

हप्त्याचा घोळ. काहीजण हप्ताही खर्चात धरतात आणि वर घसाराही, मग तेच पैसे दोनदा मोजले जातात, कारण हप्त्यातली मुद्दल म्हणजे गाडीचीच किंमत, खर्चात फक्त व्याज धरायचं. (खिशातून महिन्याला किती जातात ते बघायला हप्ता वेगळा लिहाच.) पण जास्त नुकसान करणारी चूक याच्या उलटी आहे. हप्ता संपला की लोक म्हणतात आता गाडी फुकटात चालते, आणि भाडं कमी करून पार्टी पकडतात. अहो गाडी झिजतेच आहे, उद्या नवीन घ्यायला डाउन पेमेंट लागेल ते कुठून आणणार? हप्ता संपल्यावरही दर महिन्याला घसाऱ्याएवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाकत राहा, कितीही ओढाताण असली तरी.

रिकामी फेरी न धरणं. वरच्या उदाहरणात जाताना माल आणि येताना गाडी रिकामी असेल तर भरलेल्या किलोमीटरला खर्च २४ नाही, ४८ पडतो. कोणी ३० रुपये दर दिला की चांगलं वाटतं, पण तो एकाच बाजूचा असेल तर तुम्ही पदरचे घालताय. परतीचं भाडं २० रुपयांनी मिळालं तरी घ्या, कारण गाडी येणारच आहे. फक्त त्यासाठी अर्धा दिवस ताटकळत बसायचं का आणि उद्याची फेरी चुकते का, ते बघून.

अ‍ॅव्हरेज पडलं की ड्रायव्हरवर संशय. हे मनापासून सांगतो, आधी गाडी तपासा. अ‍ॅव्हरेज डिझेलच्या काट्यावरून काढू नका, टाकी फुल ते टाकी फुल असंच काढा आणि दोन-तीनदा काढा. मग टायरची हवा बघा, एअर फिल्टर बघा, गाडी फेरी मारून आली की चारही चाकांजवळ नुसता हात न्या, टेकवू नका, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर तिथला ब्रेक बहुतेक चिकटतोय आणि डिझेल तिकडेच जळतंय. बीएस६ डिझेल गाडी कायम शहरातच थांबत-थांबत चालत असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोक होतो, डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागला की मॅन्युअलप्रमाणे गाडी सलग चालवून तो साफ होऊ द्या, दिव्याकडे दुर्लक्ष केलं तर खर्च मोठा होतो. प्रामाणिक ड्रायव्हर सोडून गेला की नवीन माणूस तयार होईपर्यंत काय नुकसान होतं ते कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं.

सगळ्या गाड्यांचा एकच हिशोब. पाच गाड्यांची बिलं एकाच फाइलला लावली की चार गाड्या कमावतात आणि एक ते खाऊन टाकते, हे कळतच नाही. गाडीवार पान करा, किलोमीटर, लिटर, टायर, काम आणि किती दिवस गॅरेजला उभी होती, एवढं पुरे. उभ्या दिवसात बाहेरची गाडी भाड्याने लावली असेल तर ते पैसेही त्याच गाडीच्या पानावर.

कागदपत्रांचं थोडक्यात. गाडी ८ वर्षांची होईपर्यंत फिटनेस (पासिंग) २ वर्षांनी, नंतर दरवर्षी. इन्शुरन्स संपून ९० दिवस उलटले तर नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जातो. ओव्हरलोडला २०,००० दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००, शिवाय जादाचा माल उतरवावा लागतो तो वेगळाच, तेव्हा पार्टी म्हणाली "थोडंच जास्त आहे" तरी सरळ नाही म्हणा. आणि ई-चलन दर महिन्याला गाडी नंबर टाकून बघत जा, साठू देऊ नका.