जुन्या बाइकची टाकी गळतेय? झाळायला देण्याआधी या चुका टाळा

स्प्लेंडर, आरएक्स १००, जुनी बुलेट, कार्बोरेटरच्या काळातली कुठलीही गाडी घ्या. सकाळी खाली पेट्रोलचा डाग दिसला की पहिला संशय टाकीवर जातो. टाकी उतरते, झाळून येते, वर रंगाचा खर्च होतो आणि आठवड्याभरात डाग पुन्हा हजर. कारण गळत होतं दुसरंच काहीतरी.

शोध सुरू करण्याआधी गाडी उघड्यावर काढा. आपल्याकडे बऱ्याच इमारतींत गाड्या जिन्याखाली लागतात आणि तिथेच विजेचे मीटर असतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत साचते आणि पसरत जाते. काडी किंवा लायटर पेटवून गळती बघणारी माणसं आजही भेटतात. कृपा करून असं करू नका, टॉर्च वापरा.

टाकीला आधी दोषी धरणं

टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करा, सगळं पुसून कोरडं करा आणि गाडीखाली वर्तमानपत्र पसरून रात्रभर ठेवा. कागद कोरडा राहिला, पण कॉक उघडल्यावर कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लो पाइपमधून थेंब पडू लागले, तर टाकी ठीक आहे. कार्बोरेटर भरला की पेट्रोलची वाट बंद करणारी सुई, म्हणजे फ्लोट पिन, झिजली असेल किंवा तिच्याखाली कचरा अडकला असेल. मेकॅनिक स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने कार्बोरेटरला हलकेच ठोकतात तेव्हा गळती थांबते ती त्यामुळेच. पण तो उपाय तेवढ्यापुरताच, कार्बोरेटर उघडून साफ करायलाच हवा.

इथे एक गोष्ट हमखास राहून जाते. स्प्लेंडर, बुलेटसारख्या फोर स्ट्रोक गाडीत ओव्हरफ्लो झालेलं पेट्रोल सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरू शकतं. ऑइलची पातळी वाढलेली दिसली किंवा पेट्रोलचा वास आला, तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी सुरू करू नका.

कॉक बंद असूनही कागद ओला झाला, तर पाळी येते कॉकच्या वॉशरची आणि त्यानंतर टाकीची. वॉशर जुना असेल तर सरळ नवा घाला. नट आणखी आवळत बसलात तर आटे जातात. टेफ्लॉन टेपही नको, तिचे तुकडे कार्बोरेटरच्या जेटपर्यंत, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकापर्यंत, पोहोचतात. रबरी नळीही वाकवून बघा, भेगा लगेच दिसतात. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याच्यासमोर फार टिकत नाही.

थेंब पडतो तिथेच भोक शोधणं

पेट्रोल टाकीच्या खालच्या जोडावरून सरकत जातं आणि सगळ्यात खालच्या टोकाला थेंब धरतं. भोक असतं वर, कधी कधी टाकी चेसिसवर बसते त्या आतल्या बाजूला. तो भाग पुसून त्यावर टाल्कम पावडर शिंपडा. थोड्या वेळात ओली रेघ उमटते, ती वरच्या दिशेने शोधत जा. हे सकाळी थंड वेळेतच करा. दुपारच्या उन्हात बारीक गळती खाली पडायच्या आधीच उडून जाते, मागे उरतो तो वास आणि पिवळट डाग. रंगाला फुगे आले असतील तर ती जागा आधी तपासा.

पातळीकडे दुर्लक्ष

टाकी भरल्यावरच गळतं आणि अर्धी झाली की थांबतं? मग झाकणाचं रबर किंवा वरचा भाग बघा. काठोकाठ भरलेली टाकी उन्हात ठेवली तर दोष नसतानाही पेट्रोल बाहेर येतं. तापमान २० अंशांनी वाढलं की १० लिटर पेट्रोल जवळपास २०० मिलीने फुगतं. पंपावरच्या जमिनीखालच्या टाकीतून गार पेट्रोल घेऊन गाडी नागपूरच्या उन्हात लावली तर हेच होणार.

एकच भोक आहे असं समजणं

टाकी बहुतेक वेळा आतून कुजते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी बसतं आणि तिथला पत्रा खातं. टाकी रिकामी करून आत टॉर्च मारा. तपकिरी भुकटी दिसली तर बाहेर दिसणाऱ्या भोकाच्या आजूबाजूचा पत्राही पातळ झालेला असणार. त्यावर एम-सील थापलं तर गंज आत चालूच राहतो, फक्त तुम्हाला दिसत नाही. रस्त्यात अडकलात तर भोकावर कपड्याचा साबण घट्ट घासा. पेट्रोलमध्ये तो विरघळत नाही, त्यामुळे गॅरेजपर्यंत निभावतं.

रिकामी टाकी सुरक्षित मानणं

सगळ्यात धोकादायक समज हाच. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा मिसळलेली असते. भरलेल्या टाकीपेक्षा स्फोटाचा धोका तिथेच जास्त. घरी वेल्डिंग तर नकोच. पेट्रोलच्या टाक्यांचं काम नेहमी करणाऱ्या कारागिरालाच द्या आणि टाकी आधी कशी धुणार, वाफ कशी काढणार, हे विचारा. उत्तर द्यायला तो टाळाटाळ करत असेल तर टाकी परत घेऊन या. पत्रा बऱ्याच ठिकाणी पातळ झाला असेल तर नवी टाकी घ्या.

टाकी बसवल्यावर आधी अर्धी भरून एक रात्र, मग पूर्ण भरून एक रात्र कागदावर ठेवा. साइड स्टँडवर आणि मेन स्टँडवरही ठेवून बघा, कारण गाडी कलल्यावर पेट्रोल एका बाजूला चढतं.