हळदीचा साबण विटत होता, पिवळा रंग असा टिकला

सांगलीत राहून साबणाला हळदीशिवाय दुसरा रंग सुचणार कसा? पण कोल्ड प्रोसेस, म्हणजे न शिजवता केलेल्या साबणात कॉस्टिक सोड्याने हळद लालसर तपकिरी होते, सुकताना थोडी पिवळी होते आणि उजेडात वडी विटत जाते. हळद वाढवली, तर टॉवेलला डाग पडले. बीट तपकिरी झालं, जास्वंद मातकट. चार घाणे वाया गेले, फार वाईट वाटलं.

टिकला तो कॉस्मेटिक दर्जाचा पिवळा आयर्न ऑक्साइड. खनिज रंग, सोड्याने बदलत नाही, उजेडात उडत नाही. फरशीच्या रंगासाठी मिळतो तो मात्र अंगाच्या साबणात अजिबात नको, त्यात शिसं, आर्सेनिक असू शकतं.

500 ग्रॅम तेलाला अर्धा छोटा चमचा रंग. रेसिपीतलंच दीड चमचा तेल आधी बाजूला काढून त्यात रंग पूर्ण घोटला. गुठळी राहिली की वडीवर ठिपके येतात. मग उरलेल्या तेलात सोड्याचं पाणी घालून ब्लेंडर फिरवला. मिश्रण पातळ कढीइतकं झाल्यावर घोटलेला रंग गाळून घातला, 10 सेकंद ब्लेंडर, लगेच साच्यात. दुसऱ्या दिवशी कापून सहा आठवडे सुकवला.

एक वडी मुद्दाम खिडकीत ठेवली होती. तीन महिने झाले, रंग तोच आहे. निळ्यासाठी अल्ट्रामरीनही साबणात असाच टिकतो, आम्लात मात्र नाही.