राहत्या कॅम्पर व्हॅनमध्ये पाण्याची नळी गोठणे : माझा अनुभव

तापमान शून्याखाली गेले की आमच्या राहत्या व्हॅनमध्ये सकाळी पंपाचा आवाज येई, पण सिंकच्या नळाला थेंबभरही पाणी येत नसे. आत मात्र हीटरमुळे चांगली ऊब असे. हीटर वाढवला, बाहेरच्या पाइपला जाड फोम गुंडाळला, तरी फरक पडला नाही. रोज सकाळी कोरड्या नळासमोर उभे राहणे जिवावर येई.

दोष सिंकखालच्या कपाटात निघाला. तिथली नळी बाहेरच्या भिंतीला चिकटून जाते आणि बंद दारांमुळे ऊब तिच्यापर्यंत पोहोचत नाही. वळणाच्या जोडावर हिमाचा पांढुरका थर हाताला लागला.

प्रथम पंप बंद करून नळ उघडा ठेवला, म्हणजे वितळणाऱ्या पाण्याला वाट मिळते. मग नळाच्या बाजूने सुरुवात करून हेअर ड्रायरने नळी हळूहळू तापवली. इथे ज्योत कधीही वापरू नये. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते आणि त्या दाबाने जोड फुटू शकतात, त्यामुळे पंप सुरू केल्यावर प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून गळती तपासली. नंतर त्या नळीसाठी योग्य अशी, थर्मोस्टॅट असलेली हीट टेप (विजेवर तापणारी पट्टी), तिचे पदर एकमेकांवर येऊ न देता, नळीला सरळ लावली आणि फोम तिच्यावरून चढवला. फोम स्वतः उष्णता देत नाही, असलेली टिकवतो. म्हणून हा क्रम महत्त्वाचा. थंडीच्या रात्री कपाटाची दारेही उघडी ठेवतो.

सांडपाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह मात्र बंदच ठेवावा आणि टाकी भरत आली की एकदम रिकामी करावी, कारण बारीक धार बाहेरच्या पाइपमध्येच गोठून बसते.